जल खाणारी माणसं

सांगलीत बंगाली बोलायला माणूस मिळत नाही. मिठाईच्या एका दुकानात रसगुल्ले करणारा बंगाली कारागीर होता, त्याच्याशी चार वाक्यं बोलता यावीत म्हणून मी गरज नसताना रसगुल्ले आणायची. पुढे रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी रसगुल्ले बंद केले. त्यांच्याबरोबर माझं बंगालीही बंद झालं.

लग्नानंतरची वीसेक वर्षं मी कलकत्त्यात काढली. आमच्या ह्यांची बँकेची नोकरी. तिथे गेल्या गेल्या शेजारच्या बाईंनी दारात विचारलं, ‘जल खाबेन?’ मी घाबरून नको म्हटलं. पाणी खायचं कसं? बंगाली माणूस पाणी पीत नाही, खातो. चहा खातो, सिगारेटसुद्धा खातो. ह्यांना ते इतकं आवडलं, की संध्याकाळी घरी आले की चपला काढता काढता म्हणायचे, ‘बाई, घोटभर जल खायला घाल.’ हे गेले, मी सांगलीला परत आले, आणि घरात जल खाणारं कोणी उरलं नाही. माझ्या तोंडून अजूनही चुकून ‘जल’ जातं. कामवाल्या बाई आता हसत नाहीत, त्यांना सवय झाली आहे.

म्हणून शाहीनचा फोन आला तेव्हा तिचं बोलणं पुरतं ऐकायच्या आधीच मी हो म्हणून मोकळी झाले.

शाहीन माझ्या मुलीची नागपूरच्या हॉस्टेलातली मैत्रीण. मूळची चंद्रपूरची, तिच्या वडिलांचं तिथे शिलाईचं दुकान. शिकून ती समुपदेशक झाली. ज्या लोकांना घरदार सोडून पळावं लागलं, डोळ्यांदेखत नको ते बघावं लागलं, त्यांच्या मनाचं काम ती एका संस्थेतर्फे करते. गडचिरोलीच्या जंगलात अशी माणसं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावंच्या गावं तिथे वसवलेली आहेत, हे मला, वीस वर्षं बंगाल्यांत राहून आलेल्या बाईला, शाहीनकडून कळलं.

‘एक आजी हाय, मावशी,’ ती फोनवर म्हणाली. ‘पुरापासून पाणी पिऊन नाई राह्यली. चहा घेते, भाताची पेज घेते, मच्छीचा रस्सा घेते. फक्त पाणी घेत नाई. दोनदा सलाईन लावली. डॉक्टर म्हन्ते, उन्हाळा लागला का ही टिकनार नाई.’

‘घरचे काय म्हणतात?’

‘घरचे म्हन्ते जिद्द हाय. मी विचारतो, पोरगा सांगते. पन पोरासमोर थे काई बोलत नाई, आन् मले थेची बंगाली येत नाई. बाहेरचं मानूस पाह्यजे.’

मी पिशवी भरायला घेतली. खरं सांगायचं तर आजीच्या काळजीपेक्षा बंगाली ऐकायच्या आशेनेच निघाले.

चंद्रपूर

डिसेंबर लागला होता तरी चंद्रपूरचं ऊन अंगावर येत होतं. उन्हाळ्यात इथे काय होत असेल, या विचाराने मला ती न पाहिलेली आजी पहिल्यांदा आठवली. सकाळी शाहीनच्या अम्मींनी तर्री-पोहे पुढे ठेवले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते, इथे वरून लालभडक झणझणीत रस्सा ओततात. मी दोन घास खाल्ले आणि डोळ्यांतून पाणी काढलं. ‘सांगलीवाले तिखट खाते म्हने!’ अम्मी हसून म्हणाल्या. आमच्या कोल्हापूरकडच्या मिरचीची लाज गेली ती कायमचीच.

रस्त्यावर रिक्षावाले ‘बंगाली कॅम्प, बंगाली कॅम्प’ असे ओरडत होते. शहरातल्या एका चौकाचं ते नाव. कॅम्प केव्हाच उठला, नाव राहिलं. मी तर ऐकूनच हरखले. शाहीन गाडीची व्यवस्था बघत होती तेवढ्यात रिक्षात बसून तिथे पोहोचले. मासळी विकणारी एक बाई दिसली. मी ठेवणीतल्या बंगालीत तिला विचारलं, ही कुठल्या पुकुरातली, म्हणजे तळ्यातली, मासळी? तिने माझ्याकडे बघितलं, शेजारणीशी फडाफडा तेलुगूत काहीतरी बोलली आणि दोघी पोट धरून हसल्या. शाहीनला सांगितलं तर तीही हसली.

संध्याकाळी मात्र तिने मला समोर बसवून कामाची शिकवणी घेतली.

‘मावशी, आजी जे बोलन तेच बोलाचं. आपलं काई टाकाचं नाई, काई काढाचं नाई. आन् “ती म्हन्ते” असं नाई म्हनाचं. थे “मी” म्हनली त तुमी बी “मी”च म्हनाचं.’

‘म्हणजे तिच्या भूमिकेत शिरायचं?’

‘शिराचं नाई. मधातून निघून जाचं. आजीनं मले सांगितलं पाह्यजे, तुमाले नाई.’

मला जरा लागलंच ते. एवढ्या लांबून आले ती मधातून निघून जायला? पण दुभाष्याने कसं वागायचं हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं.

मग ती म्हणाली, ‘अजून एक हाय. मी थेच्यासमोर बसतो, आपलं नाव सांगतो. हे लोक कशापासून पळून आले, मले मालूम नाई का? कधी कधी वाटते, मलेच पाहून गप होते का काय.’

मी जवळ सरकले. तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आष्टीच्या पुलापलीकडे

बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा आंबूस वास बराच वेळ गाडीबरोबर येतो. तो सुटला की सागवान लागतं. गोंडपिपरीपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे आपल्या गंजींसारखे ढीग, आणि त्यामागे काळसर जंगल. आष्टीला वैनगंगेवरचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. पात्र केवढं तरी मोठं. मी गाडी थांबवायला लावून बघत उभी राहिले, आमच्या कृष्णेचा अभिमान खिशात घालून.

आजीच्या गावाचं नाव सांगत नाही. या लिखाणात तिला सुरबाला म्हटलं आहे, तेही तिचं खरं नाव नाही. मात्र तिला न विचारता हे लिहिलेलं नाही. तिने विचार केला आणि एकच शब्द बोलली, ‘लेख.’ म्हणजे लिही.

फाट्यापर्यंतची गावं गोंडांची आणि झाडीपट्टीतल्या शेतकऱ्यांची. कौलारू, शेणाने सारवलेली, अंगणात मोहाचं झाड. मग एक वळण घेतलं आणि मी गाडीच्या काचेला नाक लावलं. घरामागे पुकुर, पुकुराच्या काठाला केळी, मातीच्या उंच ओट्यावर तुळस, दोरीवर वाळत घातलेलं मासे पकडायचं जाळं. शिंदीच्या झाडाला मडकं बांधलेलं. इथले लोक शिंदीच्या रसाची सिंदी करून पितात, ही मंडळी त्याचा गूळ करतात. एक बाई कोणाला तरी हाक मारत होती, ‘ओ बउदि!’ म्हणजे अहो वहिनी. माझे डोळे भरून आले. ह्यांना हे दाखवायला हवं होतं. पंधरा-वीस घरांचं का होईना, आमचं बंगाल इथे सागवानाच्या आत दडून बसलं होतं.

सुरबालाचा मुलगा निताई पुढे आला. पन्नाशीचा, अंगाने काटक. त्याची सून मालती, आणि मालतीचा मुलगा बापन. मालतीचा नवरा हैदराबादला बांधकामावर असतो.

‘ठाकुमा जिद्द करून राह्यली,’ मालती म्हणाली. बंगालीत आजीला ठाकुमा म्हणतात. ‘आम्ही किती बोलतो, ग्लास तोंडाला लावतो, ती तोंड फिरवते.’

बापन जेमतेम तीन-साडेतीन वर्षांचा, नुकता अंगणवाडीत जाऊ लागलेला. त्याच्या अंगणवाडीच्या बाई मराठी. खाऊ देताना त्या मुलांकडून वस्तूचं नाव वदवून घेतात. केळं म्हटलं की केळं मिळतं. मुलगा तोच खेळ घरी सगळ्यांशी खेळत होता. माझ्यासमोर मुरमुऱ्यांची वाटी धरली आणि हुकूम केला, ‘म्हन, मुरमुरे.’

मी लाडात येऊन बंगालीत म्हटलं, ‘मुडी.’

त्याने वाटी मागे घेतली. ‘नाई. म्हन, मुरमुरे.’

‘मुडी रे सोन्या, मुडी!’

वाटी पाठीमागे गेली. शेवटी मी मुकाट्याने ‘मुरमुरे’ म्हटलं तेव्हा कुठे मूठभर पदरात पडले. सगळे हसले. ओसरीच्या कोपऱ्यात एक बारीकशी म्हातारी बसली होती. पांढरं लुगडं, ओठ फुटून रक्ताळलेले. ती मात्र या खेळाकडे पाठ करून भिंतीकडे बघत होती.

ती सुरबाला.

मी तिच्यापुढे बसले आणि कलकत्त्याच्या गोड बंगालीत विचारलं, ‘मासिमा, केमन आछेन?’ म्हणजे मावशी, कशा आहात?

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मालतीला विचारलं, ‘हेय कोन द्याशेर बांगला कय?’

ही कुठल्या देशाचं बंगाली बोलते! झालं. ज्या भाषेसाठी मी अर्धा महाराष्ट्र ओलांडून आले, ती इथे परकी निघाली. सुरबालाचं बंगाली खुलना-बोरिशालकडचं, खाऱ्या पाण्याच्या, नदीनाल्यांच्या मुलखातलं. शब्द तेच पण वाटा निराळ्या. माझं म्हणजे पुण्याचं मराठी घेऊन झाडीपट्टीत उतरल्यासारखं झालं.

पुकुराच्या काठी

शाहीनची काम करायची पद्धत मला आधी कळलीच नाही. मला वाटलं होतं खुर्च्या मांडून समोरासमोर बसायचं असेल. ती सुरबालाला घेऊन पुकुराच्या काठावर गेली, तिघी एका रांगेत बसलो, तोंडं पाण्याकडे. घरचे हाकेच्या अंतरावर पण ऐकू न जाण्याइतके लांब. शाहीनने सोबत पालेभाजीची जुडी घेतली आणि निवडायला लागली. कोणी कोणाच्या डोळ्यांत बघायचं नाही, हात रिकामे ठेवायचे नाहीत.

तिने पहिला प्रश्न विचारला तोही पाण्याचा नव्हताच. ‘आजी, पायाले काय लागून राह्यलं?’

मी भाषांतर केलं. सुरबालाने अनवाणी पाय हलवले. ‘माटि.’

‘कशी हाय माती?’

‘ठंडी. इथली हाय.’ हे मात्र ती थेट मराठीत म्हणाली.

मग पालक निवडता निवडता ती आपल्या देशाबद्दल बोलायला लागली. बंगालीत देश म्हणजे आपलं मूळ गाव. तिच्या देशाची नदी एवढी, की पलीकडचा काठ दिसत नाही. ‘इथली माणसं मला वैनगंगा दाखवतात,’ मी तिच्या वतीने म्हणत होते, ‘मी म्हणते, पलीकडची गाय दिसते त्याला काय नदी म्हणायचं?’ त्याच दिवशी त्या वैनगंगेसमोर तोंड वासून उभी राहिलेली मी, मला हसू आलं. ती तिकडच्या सुपारीबद्दल बोलली, दारापर्यंत येणाऱ्या भरतीबद्दल बोलली. परत एकदा बघावंसं वाटतं का, असं शाहीनने विचारलं. ती म्हणाली, ‘रोज बघते. डोळे मिटले की दारात नाव बांधलेली असते.’ हे ‘मी’ लावून म्हणायला मला जड गेलं नाही, कारण मलाही डोळे मिटले की कलकत्त्याच्या घराचा जिना दिसतो.

बोलता बोलता ती थांबली. पुकुरात काहीतरी डुबुक वाजलं. आणि ती हळूच, दात नसलेल्या तोंडातल्या तोंडात म्हणाली, ‘भाइ पानि लइते पारे नाइ.’

मी म्हटलं, ‘माझ्या भावाला पाणी घेता आलं नाही.’

शाहीनचा हात थांबला. पण तिने पुढे विचारलं नाही, उरलेली भाजी निवडायला घेतली. परत येताना शाहीन विचारात होती. भाऊ कुठल्या आजाराने गेला असेल, घसा बंद झाला असेल, गिळता आलं नसेल, म्हणून ही गिळत नाही, असा तिचा अंदाज. मला तर खात्रीच होती. वाक्य मीच ऐकलं होतं ना.

मुक्काम निताईकडेच. जेवायला भात आणि पुकुरातल्या रुईचा, म्हणजे रोहू माशाचा, झोल, म्हणजे पातळ रस्सा, नारळाचं नाव नाही, मोहरीचा सणसणीत वास. मी ताटावर बसून दोनदा भात मागून घेतला. सुरबालाने पांता खाल्ला, म्हणजे पाण्यात मुरवलेला आंबूस भात, आणि त्यातली पेज शेवटच्या थेंबापर्यंत ओरपली. समोर भरलेला पेला होता. त्याला तिने बोटसुद्धा लावलं नाही.

एका अक्षराची चूक

दुसऱ्या दिवशी परत तीच जागा. आज मेथी होती. शाहीनने फार जपून विचारलं, ‘आजी, काल भावाचं सांगितलं. त्याले पाणी गिळता येत नोतं का?’

मी ते बंगालीत विचारलं. सुरबालाने झटकन माझ्याकडे तोंड केलं. तिचे डोळे असे झाले की मी मागे सरकले.

‘लइते ना!’ तिने हाताने जमीन थापटली. ‘कइते! कइते! तुइ बांगला जानस ना!’

तुला बंगाली येत नाही. म्हातारीने माझ्या वीस वर्षांचा निकाल लावला, आणि तिचं बरोबर होतं. ‘लइते’ म्हणजे घेणं. ‘कइते’ म्हणजे म्हणणं. भावाला पाणी घेता आलं नाही, असं ती म्हणालीच नव्हती. भावाला ‘पानि’ म्हणता आलं नाही, असं म्हणाली होती.

आणि मला दुसरी चूकही तेव्हाच दिसली. ‘पानि’ हा शब्द ऐकताना मला काही खटकलंच नव्हतं. इथे सगळे पाणीच म्हणतात, हीसुद्धा मराठीच शब्द वापरते आहे, असं मी धरून चालले होते. तो मराठी नव्हता. बंगालमध्ये भाषा एक असली तरी पाण्याला शब्द दोन. हिंदू ‘जल’ म्हणतो, मुसलमान ‘पानि’. तहान लागलेल्या माणसाने तोंड उघडलं की तो कोण ते कळतं.

मी हे घाईघाईने शाहीनला सांगितलं. तिने मान हलवली. आणि मग सुरबाला बोलायला लागली ती थांबेना. मी तिच्या मागोमाग चालत राहिले.

‘मी सात वर्षांची होते. भाऊ तीनचा, आम्ही त्याला खोका, म्हणजे बाळ, म्हणायचो. पलीकडच्या वाडीला आग लावली तेव्हा शेजारची सकिनाखाला आली. तिच्या नवऱ्याची नाव होती. तिने स्वतःचा बुरखा माझ्या आईला घातला. आम्हाला म्हणाली, वाटेत कोणी विचारलं तर बापाला आब्बा म्हणायचं, आणि तहान लागली तर पानि मागायचं. जल म्हणालात तर सगळे जाल. आई माझ्या कानात म्हणाली, खोकाला शिकव.’

सुरबालाच्या हातातली मेथी केव्हाच चुरगळली होती.

‘नावेत घागर माझ्याजवळ होती. खोका म्हणाला, जल. मी म्हटलं, पानि क, तय दिमु.’

‘पानि म्हण, मग देते,’ मी शाहीनला म्हटलं.

‘तो म्हणायचा, जल. मी म्हणायची, पानि. तो रडायचा, जल. मी घागरीवर हात ठेवून बसले. मला वाटत होतं, मी सगळ्यांना वाचवते आहे. तो तसाच झोपला. सकाळी सीमेपलीकडे लागलो. वाटेत आम्हाला कोणी अडवलं नाही, कोणी काही विचारलं नाही.’

शाहीनने तिच्या हातातला पाला काढून घेतला नाही, की हात धरला नाही. नुसती जवळ बसली होती.

‘मग रायपूरकडच्या निर्वासितांच्या तंबूत खोकाला हगवण लागली. तिथली मोठी माणसं म्हणायची, हगवणीत पाणी द्यायचं नाही, दिलं तर वाढते. तेव्हा सगळे तसंच मानायचे. आई त्याला मांडीवर घेऊन बसली होती. मी समोर. त्याने माझ्याकडे बघितलं. आणि कोणी न सांगता म्हणाला, पानि.’

इथे मी ‘मी’ विसरले. ‘तिला वाटलं...’ मी म्हणाले.

‘मी म्हना, मावशी,’ शाहीन अगदी हळू म्हणाली.

मी परत सुरुवात केली. ‘मला कळलं, त्याला वाटतंय आता ही देईल. म्हटलं की मिळतं, असं मीच त्याला शिकवलं होतं. आणि मी दिलं नाही.’

पुकुरावरून वारा आला. सुरबालाचे खांदे हलत होते. शाहीनने विचारलं, ‘आजी, पाय कुठी हाय?’

‘माटिते.’

‘कोनती माती?’

‘इथली.’

‘हात कुठी हाय?’

सुरबालाने आपले हात बघितले, हिरवे झालेले. ‘भाजीत,’ ती म्हणाली, आणि त्याही स्थितीत तिला थोडं हसू आलं.

बाकीचं मग तुकड्यातुकड्यांनी आलं. पावसाळ्यात नदी गावात शिरली तेव्हा घरच्यांना नावेतून शाळेत नेलं. बापन मालतीच्या कडेवर होता, आणि रस्ताभर रडत होता, ‘पाणी, पाणी.’ अंगणवाडीत नुकताच शिकलेला शब्द. चहूकडे गढूळ पाणी आणि प्यायला थेंब नाही. सगळे त्याला सांगत होते, थांब, पोहोचल्यावर देऊ. साठ वर्षं मराठी मुलखात राहून हा शब्द ती रोज ऐकत आली होती, कधी काही झालं नव्हतं. पण नाव, तीन वर्षांचा मुलगा, आणि तो शब्द, तिन्ही एकत्र आल्यावर तिच्या घशाखाली पाणी उतरेना.

उठताना तिने शाहीनकडे बोट केलं आणि मला विचारलं, हिचं नाव काय म्हणालीस? मी सांगितलं. तिने मान डोलावली. ‘नावेत बसवणारी त्यांच्यातलीच होती,’ ती म्हणाली. ‘सकिनाखालाचं पुढे काय झालं, मला कधी कळलं नाही. मला ती फार आठवते.’

हे मी शाहीनला मराठीत सांगितलं तेव्हा ती ओढणीने तोंड पुसत पुकुराच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

निघताना

घरच्यांना काय सांगायचं ते सुरबाला ठरवेल, असं शाहीनने मला बजावलं. निताईला आणि मालतीला तिने एवढंच सांगितलं, की आजीला पाण्याचा आग्रह करू नका, ग्लास तोंडाला लावू नका. ‘मंग जिद्द कशी सुटन?’ निताईने विचारलं. ‘जिद्द नोती कधी,’ शाहीन म्हणाली. त्याला ते पटल्यासारखं दिसलं नाही, पण त्याने मान हलवली. शाहीन दर आठवड्याला येणार होती. माझ्या जागी गडचिरोलीतली एक बंगाली नर्स मिळाली होती, तिचं बंगाली बोरिशालचं, म्हणजे अस्सल. मी हसून म्हटलं, बरं झालं. मनातून मात्र मला तिथून हलायचं नव्हतं. ‘ओ बउदि’ अशी हाक आता परत कधी कानावर पडायची होती?

आमच्या पिशव्या गाडीत गेल्या. मालतीने शिंदीचा गूळ केळीच्या पानात बांधून दिला. मी साखरेच्या डॉक्टरांना मनात नमस्कार घातला आणि घेतला. ओसरीवर सुरबाला बसली होती. शाहीन तिला वाकून काही सांगत होती. आधीच सांगते, यापुढे जे झालं त्याने ती बरी झाली असं शाहीन मानत नाही, आणि मीही म्हणणार नाही. ‘एका घोटानं कोनी बरं होत नाई, मावशी,’ ती गाडीत मला म्हणालीच. तेव्हा मी फक्त काय बघितलं ते सांगते.

बापन आतून ग्लास घेऊन आला. स्टीलचा, काठोकाठ भरलेला, पाणी सांडत सांडत. आधी स्वतः दोन घोट प्यायला. मग ग्लास दोन्ही हातांनी सुरबालापुढे धरला. त्याला कोणी पाठवलं नव्हतं. आग्रह करायचा नाही, हे त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. तो आपला खेळ खेळत होता.

‘म्हन,’ तो हुकूम केल्यासारखा म्हणाला, ‘पाणी.’

मालती हसत होती. निताई गाडीच्या काचा पुसत होता. ओसरीवर त्या शब्दाचा अर्थ तिघींनाच माहीत होता. शाहीन पुढे झाली आणि थांबली. मी पायरीवर तशीच उभी राहिले. मला मुरमुऱ्यांची वाटी आठवली, पाठीमागे गेलेली. हा मुलगा शब्द मिळाल्याशिवाय काही देत नाही.

सुरबालाने त्याच्याकडे बघितलं. फुटलेले ओठ हलले, पण आवाज आला नाही. बापनने ग्लास आणखी पुढे केला.

‘म्हन ना.’

‘जल,’ ती म्हणाली.

बापनने तिच्या तोंडाकडे बघितलं. एकदा ग्लासाकडे बघितलं. मग पुढे होऊन तो तिच्या हातात दिला, आणि सांडू नये म्हणून खालून स्वतःचा तळहात लावून उभा राहिला.

ठाकुमाने जल खाल्लं.